रोंगेलॅपच्या ८२ जणांचा मागोवा: आधी यादी तपासा

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवरच्या अणुचाचण्यांनंतर ज्यांना आपलं बेट सोडावं लागलं, त्यांच्या तब्येतीवर कित्येक दशकं लक्ष ठेवलं गेलं. पण सर्वाधिक किरणोत्सर्ग झालेला गट शंभराच्याही आतला, आणि माणसं तर सतत या बेटावरून त्या बेटावर. मग यातून ठाम असं काही सांगता येतं का? आणि आज असं काम करायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?

मी पंचवीसेक वर्षं ग्रामीण भागात कर्करोग नोंदणीचं काम केलं. त्यातली बरीच वर्षं धरणामुळे उठलेल्या गावांत फिरण्यात गेली. मार्शल बेटांवर मी स्वतः कधी गेलेले नाही. तिथले अहवाल शिकवण्यासाठी वापरत आले, आणि उठलेल्या गावांत माझी जिथे जिथे चूक झाली, ती चूक कशी होते हे मला त्या अहवालांत पुन्हा भेटलं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमचा प्रश्न आकड्याचा वाटतो, पण अडचण आकडा लहान असण्याची नाही. परिणाम मोठा असेल तर लहान गटातही तो लपत नाही. खरी अडचण ही की त्या गटात कोण मोजलं गेलं, कोण बाहेर राहिलं आणि तुलना कोणाशी केली. पुनर्वसित माणसांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी दर काही वर्षांनी सरकत राहतात.

आधी घटना थोडक्यात. १ मार्च १९५४ च्या सकाळी मार्शल बेटांतल्या बिकिनीवर अमेरिकेने ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. ताकद ६ मेगाटनांच्या आसपास अपेक्षित होती, निघाली १५. पूर्वेला सुमारे १५० किलोमीटरवर रोंगेलॅप. तिथे काही तासांत पांढरी भुकटी पडू लागली. स्फोटाने उडालेल्या प्रवाळाचीच ती राख. मुलं तिच्यात खेळली. ती केसांत बसली, पिण्याच्या पाण्यात उतरली, वाळत घातलेल्या मासळीवर बसली. रोंगेलॅपवर त्या दिवशी ६४ माणसं होती आणि शेजारच्या ऐलिंगिनाएवर मासेमारीला वगैरे गेलेली १८. हेच ते ८२. पोटातली चार बाळं धरली तर ८६. यांना हलवायला दोन दिवस गेले. आणखी पूर्वेला, बिकिनीपासून सुमारे ५०० किलोमीटरवर उटिरिक. तिथले दीडशेच्या वर लोकही हलवले, पण त्यांना तीनेक महिन्यांत परत नेऊन सोडलं. रोंगेलॅपचे लोक मजुरोच्या एजिट बेटावर राहिले आणि १९५७ मध्ये घरी परतले.

आता यादी बघा. तुम्ही वाचाल त्या बहुतेक लेखांत ‘८२’ हा आकडा निसर्गाने आखून दिल्यासारखा येतो. पण तो कुठून आला? कोणाला हलवायचं याच्या निर्णयातून आला. ऐलुक बेटावर त्या वेळी ४०१ माणसं होती. तिथेही राख पोचली होती, किरणोत्सर्गाची मात्रा उटिरिकच्या जवळपासची होती. पण तिथून कोणालाच हलवलं नाही. हलवलं नाही म्हणून ती माणसं ‘बाधितां’च्या यादीत आली नाहीत, यादीत नाहीत म्हणून दरवर्षीच्या तपासणीत आली नाहीत, आणि तपासणीत नाहीत म्हणून पुढे कित्येक वर्षं त्यांच्यात काही आढळलंही नाही. बोटी पाठवण्याचा एक निर्णय झाला आणि पुढे तीस वर्षं त्याचंच शास्त्रीय वर्गीकरण होऊन बसलं. कोणताही पाठपुरावा वाचताना माझा पहिला प्रश्न असतो: ही यादी कोणी केली, आणि कशासाठी केली होती?

तुलनागटाचीही तीच गत. १९५७ मध्ये लोक रोंगेलॅपला परतले तेव्हा स्फोटाच्या दिवशी बाहेरगावी असलेले नातेवाईकही सोबत गेले. तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना, रॉबर्ट कॉनार्ड यांच्या पथकाला, ही सोयीची गोष्ट वाटली: तेच कुळ, तेच बेट, तेच अन्न, फरक फक्त त्या एका दिवसाचा. कागदावर याहून नेटका तुलनागट मिळणं कठीण. पण बेट स्वच्छ नव्हतं. मातीत सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ही किरणोत्सारी द्रव्यं होती. ते नारळात, केवड्याच्या कुळातल्या पँडॅनसच्या फळात, विलायती फणसात (कोकणात आपण ज्याला नीरफणस म्हणतो तो) आणि नारळखेकड्यात उतरत होतं. म्हणजे ‘बाधित’ आणि ‘अबाधित’ दोघं एकाच चुलीवरचं जेवत होते. अशी तुलना १ मार्चच्या राखेचा परिणाम थोडाफार दाखवू शकते. बेटावर राहण्याचा परिणाम ती दाखवू शकत नाही, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. लोक मात्र तेच विचारत होते: इथे राहून आम्हाला काय होईल?

हा घोटाळा एका अभ्यासाने चांगला उघडा पाडला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात १४ कंकणद्वीपांवरच्या (कड्यासारख्या प्रवाळबेटांवरच्या) सात हजारांहून अधिक लोकांच्या मानेतल्या थायरॉईड ग्रंथीची तपासणी झाली. ‘बाधित बेट’ आणि ‘अबाधित बेट’ ही जुनी विभागणी बाजूला ठेवून त्यांनी बिकिनीपासूनचं अंतर धरलं. अंतर वाढतं तशा थायरॉईडच्या गाठी कमी होत गेल्या, आणि ज्या बेटांना तोवर कोरं समजलं जात होतं त्यांतली काही अजिबात कोरी नव्हती. नवं यंत्र नाही, नवी रक्तचाचणी नाही. रेघ कुठे मारायची, एवढंच बदललं.

मग ८२ जणांतून काही कळलं का? थायरॉईडपुरतं नक्की कळलं, आणि तेही महागात. ताज्या राखेत आयोडीनचे किरणोत्सारी प्रकार असतात. आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) आठ दिवसांचं, त्याच्या भावंडांचं काही तासांचं. थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते. मुलाची ग्रंथी लहान, त्यामुळे तेवढंच आयोडीन तिथे कितीतरी जास्त मात्रा देतं. १९६३ मध्ये पहिली गाठ सापडली, म्हणजे स्फोटानंतर नऊ वर्षांनी. पुढच्या काळात रोंगेलॅपवर तेव्हा दहा वर्षांखाली असलेल्या बहुतेक मुलांना गाठी झाल्या. जिथे एखाद-दुसरी अपेक्षित असते तिथे जवळपास प्रत्येकाला झाली, तर त्यासाठी संख्याशास्त्राची कसरत लागत नाही.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. काही मुलांची वाढ खुंटली होती, दोन मुलगे तर फारच मागे पडले होते. थायरॉईड कमी काम करतंय का, हे पाहायला त्या काळी रक्तातलं प्रथिनांना बांधलेलं आयोडीन मोजत. ते ठीक येत होतं. नंतर लक्षात आलं की मार्शलच्या लोकांच्या रक्तात आयोडीनयुक्त प्रथिनं मुळातच जास्त असतात, त्यामुळे कमतरता झाकली जात होती. चाचणी चुकीची नव्हती. ती दुसऱ्याच लोकांवर बसवलेली होती. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण मुद्दाम देते, कारण ‘नॉर्मल’ हा शब्द कोणाच्या रक्तावरून ठरला हे विचारायची सवय आपल्याला नसते. मुलाची उंची भिंतीवरच्या रेघेपाशी थांबलेली दिसत असताना कागद ‘ठीक’ म्हणत असेल, तर संशय कागदावर घ्यावा.

पण सगळ्याच आजारांचं असं होत नाही. राख पडली तेव्हा एक वर्षाचा असलेला एक मुलगा १९७२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ८२ जणांत एक. त्याच्या घरच्यांना कारण माहीत होतं. संख्याशास्त्र तिथे गप्प बसतं, कारण एका रुग्णावरून दर काढता येत नाही. गर्भपातांचंही तसंच: पहिल्या चार वर्षांत रोंगेलॅपच्या बाधित बायकांमध्ये गर्भपात आणि मृतजन्म यांचं प्रमाण दुपटीहून जास्त नोंदलं गेलं, पण गरोदरपणांची एकूण संख्या इतकी लहान की अहवालांनी त्यावरून निष्कर्ष काढायचं टाळलं. निष्कर्ष न काढणं ठीक आहे. पण ‘सिद्ध झालं नाही’ हे वाक्य त्या बायकांपर्यंत पोचताना ‘झालंच नाही’ असं होऊन पोचतं, आणि तिथे संशोधकाची जबाबदारी येते.

आता मात्रेचं. तुम्ही लिहिलंत की आज लोकांच्या अंगातला किरणोत्सर्ग मोजून १९५४ ची मात्रा काढता येईल का. साधारणपणे नाही. आयोडीन काही आठवड्यांतच संपलं. सिझियम-१३७ चं अर्धआयुष्य ३० वर्षांचं असलं तरी प्रौढ माणसाच्या शरीरातून अर्धं सिझियम तीनेक महिन्यांत बाहेर पडतं. म्हणजे संपूर्ण शरीर मापकाच्या (अंगातला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राच्या) खुर्चीत आज बसवलेल्या माणसाचा आकडा गेल्या काही महिन्यांत त्याने काय खाल्लं ते सांगतो, लहानपणी त्याच्या अंगावर काय पडलं ते सांगत नाही. जुन्या मात्रेचा अंदाज माती, हवामान, त्या वेळचं वाचन, लघवीचे थोडे नमुने आणि माणूस कुठे किती वेळ होता यावरून बांधावा लागतो. तो बदलतही राहतो. बाहेरून मिळालेल्या गॅमा किरणांची मात्रा सुरुवातीला रोंगेलॅपसाठी १.७५ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) आणि ऐलिंगिनाएसाठी ०.६९ ग्रे धरली होती. १९८५ च्या फेरहिशोबात ती १.९ आणि १.१ झाली. आजच्या आकड्यावर आयुष्यभराचा निकाल लिहून टाकू नका, असं मी म्हणते ते यासाठीच.

तरी ते शरीर मापक निरुपयोगी नाही. बिकिनीची गोष्ट घ्या. १९४६ मध्ये तिथले १६७ लोक उठवले. आधी रोंगेरिक बेटावर नेलं, तिथे उपासमार झाली, मग क्वाजालेन बेटावर तंबू, मग १९४८ पासून किली बेट. १९६८ मध्ये अमेरिकेने बिकिनी राहण्याजोगं असल्याचं जाहीर केलं, काही कुटुंबं परतली. त्यांच्या अंगातलं सिझियम वर्षागणिक चढत गेलं आणि १९७८ मध्ये त्यांना पुन्हा हलवावं लागलं. हिशोब कुठे चुकला? लोक स्थानिक नारळ किती खातील-पितील याचा अंदाज कमी धरला होता. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम अगदी कमी असतं, सिझियम रासायनिकदृष्ट्या त्याचंच भावंड, म्हणून झाड ते भराभर उचलतं. पुढे पोटॅश खत घातल्यावर नारळातलं सिझियम बरंच उतरलं, हे प्रयोगांतून दिसलं. पण आहाराचा अंदाज दूर कचेरीत बसून बांधता येत नाही. धान्याचं जहाज उशिरा आलं की माणूस झाडाकडे जातो. जहाज येण्याचं वेळापत्रक हा मात्रेच्या हिशोबातला घटक आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: यादी निर्णयातून येते, तुलनागट आपोआप स्वच्छ नसतो, मात्रा हा नेहमी अंदाज असतो. आता माणसं हरवण्याकडे येते. तिथे मला माझं सांगता येईल.

हिरोशिमा-नागासाकीचा पाठपुरावा १,२०,००० लोकांचा आणि इतका भक्कम का? कारण जपानमध्ये ‘कोसेकी’ ही कुटुंबनोंदणी आहे. माणूस देशात कुठेही वारला तरी त्याची नोंद मूळ कुटुंबाच्या पानावर येते. मार्शल बेटांवर अशी नोंद नव्हती. तिथे जमीन आणि कुळ आईकडून चालतं, मुलं दत्तक देण्या-घेण्याची जुनी रीत आहे, एकच माणूस दोन नावांनी ओळखला जातो, आणि अमेरिकेशी झालेल्या १९८६ च्या करारानंतर लोक अमेरिकेत मोकळेपणी जाऊ लागले. आज मोठी मार्शली वस्ती हवाईत आहे, आर्कान्सामधल्या स्प्रिंगडेल गावात आहे. रोंगेलॅपच्या कुळातली बाई तिथल्या रुग्णालयात गेली तर तिच्या कागदावर रोंगेलॅप हा शब्द कुठेच नसतो.

आमच्याकडे उलट्या रीतीने तेच झालं. उठलेल्या एका गावाचं रजिस्टर आम्ही पाच वर्षांनी ताडून पाहिलं, तर तरुण बायका मोठ्या संख्येने ‘हरवल्या’ होत्या. त्या हरवल्या नव्हत्या. लग्न झालं होतं. आडनाव बदललं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आणि कित्येकींचं तर स्वतःचं नावही सासरी बदललं होतं. माहेरच्या पानावरची तारा आणि सासरच्या पानावरची लक्ष्मी ही एकच बाई, हे आमच्या नोंदवहीला कळायला मार्ग नव्हता. उत्तर मिळालं ते गावातल्या एका म्हाताऱ्या आजींकडून. जुनं गाव पाण्याखाली गेलं होतं. त्यांनी अंगणात खडूने त्याच्या आळ्या काढल्या, एकेका घरावर बोट ठेवून सांगितलं: ही इकडे दिली, ही त्या वाडीत, ही बाळंतपणात गेली. एका दुपारी चाळीसच्या वर नावं जुळली. तेव्हापासून नव्या पत्त्याआधी मी जुनं घर विचारते. पुनर्वसनात पत्ता बदलतो, शेजार मात्र माणसं विसरत नाहीत.

त्याच आजींनी नंतर एकदा मला दारात थांबवलं. ‘बाई, तुम्ही दरसाल येता, वजन घेता, रक्त नेता. त्याचं पुढं काय होतं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वरच्या कचेरीने दोन वर्षांचे रिपोर्ट लोकांना दिलेच नव्हते, आणि मी ते मागायला हवे होते तेवढे मागितले नव्हते. पुढच्या फेरीला निम्मी दारं बंद मिळाली. ती बंद दारं मला अजून दिसतात.

रोंगेलॅपमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. ब्राव्होनंतर लगेच सुरू झालेला ‘प्रोजेक्ट ४.१’ हा उपचारही होता आणि अभ्यासही, आणि तपासल्या जाणाऱ्या माणसांना यातला फरक नीट सांगितला गेला नाही. दरवर्षी जहाजातून डॉक्टर येत, रक्त-लघवी घेत, निघून जात. ज्याचं नाव यादीत नाही, त्याची तक्रार कितीही मोठी असली तरी तो त्या कार्यक्रमाचा रुग्ण नव्हता. शेवटी मे १९८५ मध्ये तीनशेहून अधिक लोकांनी स्वतःच बेट सोडलं. घरांची लाकडं-पत्रे उतरवून ग्रीनपीस संघटनेच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजातून मेजाटो बेटावर नेले. पाठपुरावा करणाऱ्यांच्या आकड्यांवर विश्वास उरला नाही, म्हणून लोकांनी पाय उचलले. मूळ गटाचं काय झालं हे विचारताना हेही त्यात धरा.

आणखी एक गोष्ट विसरू नका: उठवलं जाणं हीच एक बाधा आहे. किलीला लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं शांत पाणी, नाही. समुद्र खवळला की महिनोन्महिने होडी घालता येत नाही. मासे आणि फणस गेले, तांदूळ आणि डबाबंद मांस आलं. मार्शल बेटांवर आज मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. त्याला किरणोत्सर्ग थेट कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण चाचण्यांचा हिशोब मांडताना फक्त ग्रेमध्ये मोजलेली मात्रा धरली तर किलीवरच्या माणसाची मात्रा जवळजवळ शून्य येते, आणि त्याचं सगळं नुकसान शून्याखाली गाडलं जातं. म्हणून जमेल तिथे तीन गट धरा: राख पडली आणि उठवले, राख न पडता उठवले, आणि दोन्ही नाही.

‘सिद्ध करता येतं का’ याचं उत्तर तुम्हाला कशासाठी हवंय, यावरही अवलंबून आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडलेला अंदाज पाहा. १९४८ ते १९७० या काळात हयात असलेल्या सुमारे २५,००० मार्शली लोकांत राखेमुळे सुमारे १७० जादा कर्करोग. एरवी होणारे सुमारे १०,६००. म्हणजे १.६ टक्के. हा आकडा वाचून कोणी म्हणेल, फार नाही. त्याच अंदाजात रोंगेलॅप-ऐलिंगिनाएच्या ८२ जणांसाठी तो वाटा ५५ टक्के येतो. सरासरी कोणावर पसरायची, यावर दोन वेगळे निकाल निघतात, आणि दोन्ही एकाच तक्त्यात आहेत. शिवाय एका विशिष्ट माणसाचा कर्करोग राखेचा की एरवीचा, हे यातलं कोणतंही टक्केवारीचं उत्तर सांगत नाही. म्हणून तिथल्या अणू नुकसानभरपाई न्यायाधिकरणाने ठरावीक आजारांची यादी केली: चाचण्यांच्या काळात तुम्ही मार्शल बेटांवर होतात आणि यादीतला आजार झाला, तर कारण गृहीत धरलं जाईल. मला ही वाट प्रामाणिक वाटते. विज्ञान जिथे एका माणसापुरतं बोलू शकत नाही, तिथे पुराव्याचं ओझं आजारी माणसाच्या डोक्यावर ठेवू नये. दुर्दैवाने त्या निधीतले पैसे दाव्यांना पुरले नाहीत.

गाठींबाबत एक सावधगिरी. जुन्या अभ्यासांत हाताने चाचपून गाठ शोधत, नंतर सोनोग्राफी आली. सोनोग्राफीत कोणत्याही लोकसंख्येत भरपूर बारीक गाठी दिसतात. दोन काळांचे आकडे शेजारी ठेवून ‘गाठी वाढल्या’ असं लिहू नका. आधी तपासणी कशी केली ते वाचा.

तुमच्या प्रबंधासाठी मी सुरुवात मूळ यादीच्या स्वच्छ नकलेपासून करेन. नाव, दुसरं नाव, आईचं नाव, जुन्या बेटावरचं घर, १ मार्चला नेमकं कुठे होता, १९५७ ला परतला का, १९८५ ला निघाला का. आईचं नाव वगळू नका. मार्शली समाजात माणूस त्यावरूनच सापडतो. आणि शेवटी दोन रकाने, जे मी आजींच्या अंगणातून उठून आल्यावर आमच्या रजिस्टरात घातले: ‘शेवटचं कोणी पाहिलं’ आणि ‘रिपोर्ट हातात दिला का, कोणत्या तारखेला’. यातला दुसरा रकाना भरलेला असेल, तर पहिला बहुतेक वेळा आपोआप भरला जातो.